डाव्या बाजूनं ये

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी डाव्या सरांचं नाव घेतो. वडिलांना त्याचा राग येत नाही. ते म्हणतात, "आम्ही तुले वाढवलं खरं, पन वावरातून बाहेर काढलं ते मास्तरनं."

डावे हे सरांचं आडनाव नव्हे. नांदुऱ्याच्या शाळेत मुलांनी ठेवलेलं नाव आहे. खरं नाव लिहीत नाही, कारण सरांची तशी अट आहे. पुढे जे सांगणार आहे ते सांगू का, असं मी त्यांना आधी पत्र लिहून विचारलं होतं. त्यांनी हो म्हटलं, फक्त नाव टाकायचं नाही म्हणाले. ते पत्र शेवटी देतो.

सर आम्हाला मराठी शिकवायचे. वर्गात त्यांची खुर्ची फळ्यासमोर मध्यभागी कधीच नसे. ती उजव्या कोपऱ्यात, भिंतीला खेटून ठेवलेली असे, आणि सगळा वर्ग त्यांच्या डाव्या हाताला पसरलेला. वही तपासून घ्यायला गेलेलं पोर चुकून भिंतीकडच्या फटीत शिरू लागलं, की सर पुस्तकातून मान वर न करता म्हणत, "इकडून नाही बे. डाव्या बाजूनं ये."

हे फक्त मुलांनाच होतं असं नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनाही ते म्हणाले होते, "साहेब, जरा डाव्या बाजूनं या." साहेब आले. हेडमास्तरांना तर इतकी सवय झाली होती की सरांशी बोलायचं असलं की ते मैदानात त्यांना वळसा घालून मगच तोंड उघडत.

कारण विचारलं तर सर दर वेळी वेगळं सांगत. कधी म्हणत, "माणसाचं काळीज डावीकडं असते. माणसाकडं यायचं तं काळजाकडून यावं." कधी म्हणत की उजवा हात लिहिण्यासाठी मोकळा पाहिजे. एकदा एका आगाऊ मुलानं फारच लावून धरलं, तेव्हा म्हणाले, "तुही माय तुले कोन्या कडेवर घेत होती? डाव्याच ना? मंग?" आम्ही ही कारणं गोळा करायचो आणि मधल्या सुट्टीत एकमेकांना सांगायचो.

लग्नाच्या पंगतीत सर ओळीच्या उजव्या टोकाला बसत. ते पान कुणी आधी धरलं असलं तर पुढच्या पंगतीची वाट पाहत उभे राहत. यजमान हात धरून ओढत, तरी नाही. बाजारात कुणी हाक मारली की सर जागेवरच उभे राहून पूर्ण गोल फिरत आणि हाक मारणारा दिसेपर्यंत थांबत नसत. काही पोरं मुद्दाम भाजीच्या पालाआडून हाक मारून सरांना फिरवत. सर रागावत नसत. फिरून झालं की शांतपणे पुढे चालू लागत.

रेल्वे फाटकाचीही गोष्ट आहे. फाटक पडलं की सायकलवाले वाकून खालून निघून जात. गाडी अजून लांब आहे हे आवाजावरून कुणालाही कळे. सर मात्र कधी गेले नाहीत. गाडी गेली, आवाज विरला, तरी फाटक वर उचलेपर्यंत ते सायकल धरून उभे असत. लोक म्हणत, "मास्तर लई नियमाचे." आम्हालाही तसंच वाटे. निबंधात 'माझे आवडते शिक्षक' लिहिताना मी हा प्रसंग शिस्तीचं उदाहरण म्हणून घातला होता. सरांनी त्या परिच्छेदाखाली काहीच शेरा दिला नाही. बाकी सगळीकडे लाल शाईनं भरून टाकलं होतं.

सरांकडे एक टेपरेकॉर्डर होता. चपटा, काळा, वर उचलायची मूठ, पुढे पेटीच्या पट्ट्यांसारखी बटणं, आणि एकच स्पीकर. कानात घालायची जी वायर त्याच्यासोबत आली होती तिलाही एकच बोंडूक होतं. पुढे गावात दोन-दोन स्पीकरचे मोठे टेप आले, तेव्हा सर म्हणायचे, "आपला एकाच तोंडानं बोलते. माणूस बी एकाच तोंडानं बोलते. दोन तोंडाच्याचा भरवसा नाही."

त्या टेपवर ते मुलांचं वाचन भरून घेत. प्रत्येक तुकडीची कॅसेट. वाचून झालं की लगेच ऐकवत. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून मला मान वर करता आली नव्हती. सर म्हणाले, "लाज वाटली तं चांगलं. नाही वाटली तं आनखी चांगलं." माझ्या वाचनात धडा सोडून मधेच 'मले' आणि 'तुले' येत असे. मी ते कायमचं टाकून देऊ का म्हणून विचारलं. सरांनी सांगितलं की घरचं बोलणं टाकायचं नाही, फक्त पुस्तक वाचताना पुस्तकाचं वाचायचं. आज मी बुलढाण्याला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. वर्गात एक आणि घरी एक, अशी दोन्ही बोलणी माझ्याजवळ शाबूत आहेत, ती या एका वाक्यामुळे.

दहावीनंतर मला बाजारात बसवायचं असं घरी ठरलं होतं. आमचं थोडं वावर, त्यात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. वडील आणि आजोबा दोघंही शाळेत गेलेले नव्हते, त्यामुळे पुढे शिकायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. हे कळल्यावर सर एका सकाळी बसनं आमच्या गावाला आले आणि विचारत विचारत थेट वावरात पोचले. हातात टेप होता.

वडील वाफ्याला पाणी देत होते. सर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊ, जरा डाव्या हाताले या." धुऱ्याच्या त्या बाजूला नुकतंच पाणी भरलेलं. वडील मुकाट्यानं वाफ्यात उतरले आणि घोट्याएवढ्या चिखलात उभे राहूनच सगळं बोलणं केलं.

वडील म्हणाले, "पोट्टा शिकला तं भाजी कोन इकन, मास्तर?"

"भाजी कोनी बी इकन, भाऊ. याच्यावानी वाचत कोनी नाही. आयका."

सरांनी टेप धुऱ्यावर ठेवून बटण दाबलं. वांग्याच्या वाफ्यात माझा आवाज निघाला. वडील चिखलात वाकून त्या स्पीकरकडे पाहत राहिले. बरंच वाचन झाल्यावर त्यांनी विचारलं, "हा आमचाच काय?"

"तुमचाच."

वडिलांनी वाफ्याचं पाणी फिरवलं, हात धुतले आणि म्हणाले, "मंग न्या." इतकंच बोलणं झालं. माझ्या घराण्यातला पहिला पदवीधर त्या सकाळी ठरला.

सरांबद्दल वाईट बोलणारेही गावात होते. त्यांत एक धान्याचे अडते, ज्यांना सगळे शेठ म्हणतात. सर आणि शेठ लहानपणापासूनचे मित्र, एका पाटीवर शिकलेले. शेठच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी सरांना पत्रिका पाठवली नाही. मित्राला काय पत्रिका द्यायची, तोंडानं सांगतो, म्हणाले. बाजाराच्या दिवशी, मोंढ्यात मापं चालू, गाड्यांचा कल्ला, त्यात शेठ सरांच्या बरोबरीनं चालत आले, लग्नाचं सांगितलं, तारीख सांगितली, सरांच्या पाठीवर हात ठेवला आणि दुकानात वळले. सर लग्नाला गेले नाहीत. भेटल्यावर त्याबद्दल बोललेही नाहीत. तेव्हापासून शेठनी बोलणं सोडलं. "मास्तर झाला, घमंड आली," असं ते चारचौघांत म्हणतात. आणि सरांनी कुणाला कधी एका शब्दानं खुलासा केला नाही.

आता गेल्या दिवाळीची गोष्ट. सरांना निवृत्त होऊन बराच काळ झाला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक अक्षर दिसत नाही, त्यामुळे वाचन सुटलं. दुपारी त्या कॅसेट ऐकणं हाच त्यांचा दिवस. पण टेपचा स्वतःचा स्पीकर फाटला. मोटर चांगली, पट्टे चांगले, आवाज मात्र कागद फडफडल्यासारखा. सरांचा मुलगा पुण्याला नोकरी करतो, आम्ही त्याला दादा म्हणतो. त्यानं दिवाळीला घरी नवा स्टिरिओ रिसीव्हर आणि दोन मोठे स्पीकर आणून बसवले, शोकेसच्या एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरा. सरांनी विचारलं, यावर माझा टेप वाजेल का? दादा म्हणाला, वाजायला हवा. मोबाइलच्या दुकानातून त्यानं वायर आणून दिली आणि पुण्याला परत गेला.

वायर म्हणजे आपण मोबाइल सेटला जोडतो तीच. एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकाला लाल आणि पांढरी अशी दोन. सरांनी पिन टेपच्या कानाच्या भोकात घातली आणि दोन टोकं सेटमागे लावली. कॅसेट वाजू लागली, पण काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, सांगितलं की एकच डबा वाजतो. सरांनी दादाला फोन लावला. दादानं सांगितलं, मागची लाल आणि पांढरी आपसात बदला आणि आता कोणता वाजतो ते सांगा. सरांनी बदलली आणि सांगितलं, डावाच. पुन्हा बदला. डावाच. दादाचा तर्क चुकीचा नव्हता. टोकं बदलूनही डावाच वाजत असेल तर उजव्या बाजूचा सेट गेला, आणि जुन्या मशीननंच तो घालवला असणार. त्यानं समजूतदारपणे सांगितलं की येत्या रविवारी येतो, सेट दुरुस्तीला नेतो, टेप भंगारात देऊ आणि कॅसेट पुण्याला नेऊन सगळं पेन ड्राइव्हवर भरून आणतो.

सरांनी मला फोन केला. म्हणाले, "रविवारच्या आत ये. पोट्टा सारे आवाज घेऊन चालला माह्ये."

मी शनिवारी कॉलेज आटोपून नांदुऱ्याला गेलो. सर दोन्ही स्पीकरच्या बरोबर समोर, मध्ये खुर्ची टाकून बसले होते. कॅसेट चालू होती, आमच्याच तुकडीची. मी शोकेसमागे डोकं घालून टोकं चाचपली आणि दादासारखंच विचारलं, "सर, कोणता वाजतो?"

"डावा."

मी लाल-पांढरी बदलली. "आता?"

"डावा."

मीही क्षणभर सेटलाच दोष दिला. मग डोकं बाहेर काढलं. आवाज उजव्या स्पीकरमधून येत होता. स्पष्ट, भरलेला, उजव्यातून. डावा अगदी गप्प होता. सर त्या दोन्हींच्या मध्ये बसून समोर पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या मुलाचा भाव होता.

"डावाच ना?" त्यांनी विचारलं.

शोकेसजवळ गुडघ्यावर बसल्या बसल्या माझ्या डोळ्यांपुढून कोपऱ्यातली खुर्ची गेली, पंगतीचं टोक गेलं, बाजारातली गोल फेरी आणि फाटकावरची सायकल गेली. एकाच कानानं ऐकणाऱ्याला आवाज ऐकू येतो, पण तो कुठून येतो हे कळत नाही. हे मी दर वर्षी अकरावीला शिकवतो.

मी उठलो, त्यांच्या खुर्चीला वळसा घालून डाव्या बाजूला गेलो, खाली बसलो आणि म्हणालो, "सर, सेट चांगला आहे. पिन बदलावी लागेल."

सरांनी टेप बंद केला.

"समजलं तुले," ते म्हणाले.

"हो सर."

त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. लहानपणी तापात उजवा कान गेला. शिक्षक होताना तपासणीला डॉक्टर समोर आले, तर त्यांनाही ते म्हणाले होते, डाव्या बाजूनं या. कागदावर कान ठीक असं लिहिलं गेलं. नोकरी लागली, आणि मग भीती बसली की हे बाहेर आलं तर नोकरी जाईल, आणि नोकरी नाही गेली तरी गाव 'बहिरा मास्तर' म्हणेल. पुढे भीती गेली, सवय राहिली. शेठच्या मुलीच्या लग्नाचं त्यांना दुसऱ्यांकडून कळलं, तेही लग्न झाल्यावर. शेठ मोंढ्यात उजव्या बाजूनं चालत होते.

"सांगितलं काऊन नाही त्यांना?" मी विचारलं.

"एकाले सांगितलं म्हनजे साऱ्याले सांगितलं. तुह्या काकूले बी माहीत नाही लेका."

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. खुर्चीच्या उजव्या बाजूला स्टूल मोकळं होतं. त्या मागून वळसा घालून डावीकडे आल्या, माझ्या डोक्यावरून हात नेऊन कप सरांच्या डाव्या हातात दिला आणि गेल्या. मी सरांकडे पाहिलं नाही.

बिघाड साधा होता. मोबाइलच्या वायरीच्या पिनेवर दोन काळ्या रेघा असतात, म्हणजे तिचे तीन भाग, डाव्याचा एक, उजव्याचा एक आणि परतीचा एक. जुन्या टेपचं भोक एकाच रेघेच्या पिनेसाठी केलेलं. त्यात ही घातली की उजव्याचा भाग परतीच्या पत्र्याला टेकतो आणि ती बाजू मुकी होते. मी बाजारातून एका रेघेची पिन आणली, लाल आणि पांढरी अशा दोन्ही तारा तिच्या एकाच टोकाला सोल्डरचा डाग देऊन जोडल्या. टेपचा आवाज कमी ठेवायचा आणि सेटचा वाढवायचा, उलट केलं तर चरचर येते, हेही सरांना दाखवलं.

सरांनी विचारलं, "म्हनजे आता दोन्हीकडं तेच वाजते?"

"तेच."

"मंग दोन कशाले पायजेत?"

मी पिन टेपमध्ये नीट बसवली.

निघताना काकू अंगणाच्या फाटकापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "तुले आज समजलं. मले लग्नातच समजलं होतं. उजवीकडं बसून नाव घेतलं तं हे नुसते पाहत राह्यले. मंग डावीकडं बसवलं, तिथं पुन्हा घेतलं, तं लाजले. तवापासून म्या बाजू सोडली नाही."

"काकू, मग तुम्ही बोलल्या नाहीत?"

"त्याहीनं सांगितलं नाही, म्या इचारलं नाही. आता माह्या तोंडून निघत नाही बापा. तुले वाटलं तं तू सांग."

रविवारी दादा आला तेव्हा मीही गेलो. सरांनी स्वतः बटण दाबलं. वांग्याच्या वाफ्यात वाजलेली तीच कॅसेट होती. दोन्ही स्पीकर एकसारखे वाजू लागले. दोन्हीकडून एकच आवाज सारखा आला की कानाला तो दोन्हींच्या मधून आल्यासारखा वाटतो. काकू दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "बापा, पोट्टं मधात बसून वाचून राह्यलं."

सरांनी स्पीकरच्या मधल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. तिथे शोकेसवर फक्त चष्म्याचं घर होतं.

"मधात?" त्यांनी काकूंना विचारलं.

"हाव. डब्यात नाही, मधात."

दादा म्हणाला, "बाबा, मधूनच येतो आहे ना? मग फोनवर डावा-डावा काय सांगत होते तुम्ही?"

"पिन खराब होती," सर म्हणाले. मग म्हणाले, "तुही माय म्हनते मधात, तं मधातच असन."

दादा हसला. टेप आणि कॅसेट आहेत तिथेच राहिल्या. कॅसेटच्या नकला करून ठेवायच्या असतील तर त्या मी इथेच, याच टेपवरून करून देतो, असं मी त्याला सांगितलं आणि त्यानं मान्य केलं. त्यानंतर काही आठवड्यांनी मी सरांना हे पत्र पाठवलं.

तीर्थरूप सरांस साष्टांग नमस्कार.

टेप चांगला चालत असेल. पिन ओढू नका, मुळाशी धरून काढा. डाग मी घरी दिलेला आहे, फार जोर सोसणारा नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. फोनवर विचारण्यासारख्या नाहीत.

माझ्या अकरावीच्या वर्गात एक मुलगी आहे. दाराजवळ बसते. हाक मारली की सगळ्या वर्गाकडे फिरून पाहते आणि मुलं हसतात. तिचा डावा कान गेलेला असावा. मी तिला डाव्या भिंतीला लागून बसवलं, वर्ग तिच्या उजवीकडे केला, आणि वडिलांना बोलावून कान तपासायला सांगितलं. तिला म्हणालो की माझे एक सर आयुष्यभर एकाच बाजूनं ऐकत आले आणि त्यांनी शेकडो मुलांना वाचायला शिकवलं. तिनं विचारलं, कोण सर? मी सांगितलं नाही. ते सांगणं माझं नाही.

दुसरं, मोंढ्यात शेठ भेटले. तुमची चौकशी केली, पण घमंड शब्दानंच केली. मग म्हणाले, "माह्या पोरीच्या लग्नात तो नव्हता, ते अजून पचत नाही." त्यांचा आवाज रागाचा नव्हता, सर. मी ओळखतो, आवाज ऐकायला तुम्हीच शिकवलंय. ते त्या दिवशी तुमच्या कोणत्या बाजूनं चालत होते, एवढं एकच वाक्य त्यांना सांगायचं आहे.

माझ्या वडिलांना तुम्ही वाफ्यात उतरवलं होतं. ते अजून लोकांना सांगतात की मास्तरनं मला चिखलात उभं केलं आणि पोराचं भलं केलं. का उभं केलं ते त्यांना ठाऊक नाही. त्यांनाही सांगावंसं वाटतं.

तुम्ही नको म्हणालात तर हा विषय पुन्हा काढणार नाही. हो म्हणालात तर आधी शेठकडे जाईन.

हे पत्र काकू तुम्हाला वाचून दाखवतील, हे जाणूनच लिहिलं आहे. त्या कोणत्या बाजूला बसून वाचत आहेत, ते आता मान वळवून बघा.

आपला विद्यार्थी